राजमतीचा ळ

सांगलीतल्या आमच्या महाविद्यालयाने १९९७ साली जाहीर केले : ‘चौऱ्याऐंशी सालच्या घरगुती संगणकाची नव्या चिपांवर हुबेहूब पुनर्निर्मिती. जुन्या यंत्राचा एकही भाग नाही. पडद्यावरील मराठी अक्षरे विभागप्रमुख विष्णुपंत यांची.’ पहिले विधान खरे होते. दुसऱ्याविषयी मला शंका होती. तिसऱ्याविषयी तीही नव्हती.

मी तर्कशास्त्र शिकवतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे म्हणायचे, एवढ्यावर माझे आयुष्य निघाले.

ते जुने यंत्र टीव्हीला जोडत, कार्यक्रम कॅसेटवरून भरत. त्याला मराठी येत नव्हते. प्रयोगशाळेतल्या राजमतीबाईंनी ते शिकवले, आलेखाच्या कागदावर ठिपक्यांच्या चौकटीत एकेक अक्षर बसवून. ळ काही नीट मावेना, म्हणून त्याचे डावे वेटोळे त्यांनी फुगीर ठेवले. ही सारी अक्षरे एका स्वतंत्र चिपमध्ये असत. पुढे काविळीने त्या गेल्या, आणि अक्षरांना नवा बाप मिळाला.

उद्घाटनाला राजमतीबाईंचे वडील पायगोंडा कुंडलहून आले होते. पडद्यावर ळ उमटला. डावे वेटोळे फुगीर.

“विष्णुपंत, हा ळ कुणाचा?” मी विचारले.

“मराठीचा, सर. तुमच्या तर्काला चालत नाही का?” लोक हसले.

पायगोंडा हसले नाहीत. “सायेब, पाटीवर माज्या लेकीचं नाव घाला. येवडंच मागनं हाय.”

“बघू, अप्पा.”

भाषणे लांबली. खिडकीतले ऊन कळफलकावरून सरकून भिंतीवर गेले, तांबूस झाले. कुणाचा हात लागला नव्हता, तरी पडद्यावर ओळ आली :

‘अप्पा, दिवस मावळतोय. जेवून घ्या.’



पायगोंडा जैन, दिवस बुडाल्यावर अन्नाला शिवत नसत. तासगावहून बेदाणा विकून ते लेकीला न्यायला येत, तेव्हा ती हीच ओळ टंकून त्यांना हसवी. त्यांनी शांतपणे पिशवीतून भाकरी काढली.

“बसा हो अप्पा, आत्ता चहा येतोय,” विष्णुपंत म्हणाले.

“आवं, च्या कशाला? लेक जेव म्हनतीया.”

ओळ रोज येऊ लागली. थंडीत दिवस लहान झाले, तशी लवकर. यंत्रात घड्याळ नव्हते, असे विष्णुपंत सांगत.

माझे अनुमान सोपे होते : राजमतीबाईंची चिप चोरून आत बसवली आहे, आणि घड्याळही कुठेतरी दडवले आहे. मी तक्रार केली. चौकशी सुरू असतानाच पायगोंडा वारले.

आज पाटीवर राजमतीबाईंचे नाव आहे. मी जिंकलो. ते वाचायला ज्याने यायचे, तो मात्र उरला नाही.

चौकशी समितीने यंत्राचे झाकण उघडले, तेव्हा मी तिथे होतो. त्याविषयी मी काही लिहिणार नाही. विष्णुपंतांनी समितीपुढे दिलेला जबाब शब्दशः देतो :

“अक्षरे माझी नाहीत, राजमतीबाईंचीच आहेत. पण ती चोरायला माझ्याकडे होती कुठे? बाई दवाखान्यात होत्या तेव्हाच मी जुने यंत्र चिपेसकट भंगारात घातले. नव्या यंत्रात मराठी अक्षरांची चिप बसवायची जागा पहिल्या दिवसापासून रिकामी आहे. मी रोज झाकण काढून पाहतो. अप्पा गेल्यापासून त्या ओळीत माझे नाव येते. मी दिवस मावळायच्या आत जेवून घेतो.”