हरणीला मोकळं सोडायची जागा

लाईट गेली म्हणून आलात ना सगळे गच्चीवर? मग ते मोबाईलचे दिवे बंद करा, माझ्या डोळ्यांत जातात. खालच्या गल्लीत ते बांधलेलं कुत्रं मघापासून रडून राहिलंय, त्याच्यावरून आठवलं म्हणून सांगतो. ज्याच्यावर हे गुदरलं तो भुजंग दुधाचा टेम्पो चालवायचा आणि कामासाठी तो माझ्या गॅरेजात लावायचा. बाकीचं त्यानं सांगितलेलं आहे. शेवटचं जे आहे, ते या जलीलनं स्वतः पाहिलेलं आहे. मधे कोणी हसायचं नाही.

भुजंग मुखेडकडचा. घरची शेती, ती बायको बघायची. पोरीला, पुनमला, दहावीत एक्याण्णव टक्के पडले आणि मग काय, मार्क पडले की पोर लातूरला आणून टाकायचं ही आपल्याकडची रीतच आहे. बापानं दोन खोल्या केल्या, टेम्पोवर नोकरी धरली. आणि पोरीबरोबर तिची कुत्री आली. हरणी.

हरणी कारवान जातीची. उंच, पोट पाठीला लागलेलं, पाय हे एवढे लांब. सशामागं सुटली की नुसता धुरळा दिसायचा. पुनमनं तिला पिल्लू असल्यापासून वाढवलेली. लातूरला येताना गावी ठेवून बघितली, तर चार दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. इकडं पोरगीही जेवेना. मग भुजंगनं कपाळावर हात मारला आणि तिलाही टेम्पोत घालून आणली.

आता हे जनावर पळण्यासाठीच जन्माला आलेलं. त्याला दोन खोल्यांत बांधलं की ते रात्री रडणार नाही तर काय करणार? वरच्या मजल्यावर बारा पोरं, खाली आठ पोरी, सगळी बारावीची. घरमालक नरसिंगराव जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, परीक्षेला महिना उरलाय, पोरांचे आईबाप मला फोन करून राहिले. आठ दिवस देतो. कुत्रं गप्प करा, न्हाईतर कुत्रं घालवा, न्हाईतर खोली सोडा. जानेवारीत लातुरात खोली! अरे, तेव्हा जिन्याखालची जागासुद्धा जूनमध्येच जायची. कुत्री गेली तर पोरगी अन्न सोडणार, खोली गेली तर तिचं वर्ष जाणार. भुजंगला दोन्हीकडून मरण.

त्याला एवढं कळत होतं, की हरणीला रोज अर्धा तास मोकळं पळायला मिळालं तर ती रात्री गुमान झोपेल. म्हणून तो जागा शोधायला लागला. आणि मला सांगा, या एवढ्या मोठ्या लातुरात एक जनावर सोडायला जागा आहे का?

पहाटे मैदानावर नेलं, तर फिरायला येणारी मंडळी काठ्या घेऊन अंगावर आली. कुत्रं बांधा, कुत्रं बांधा. भुजंग म्हणाला, तुम्ही मोकळे फिरता, ते चालतं होय? त्यावरून शिवीगाळ झाली. रिंगरोडच्या पलीकडं मोकळी रानं होती, तिथं दोन वर्षांत प्लॉट पडलेले. चारी बाजूंनी तार आणि आत राखणदार. रेल्वेच्या मागं गेला तर पंधरावीस गावठी कुत्र्यांनी घेरलं, हरणीचा कान फाटला. ओढ्यात उतरला तर सगळीकडं बाटल्यांच्या काचा. एका शेतकऱ्यानं बांधावरूनच धोंडा उगारला, त्याचा हरभरा होता, त्याचंही चुकलं नाही. सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी भुजंग माझ्या गॅरेजात स्टुलावर बसला, हरणीचा पट्टा हाताला गुंडाळलेला, आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "जलीलभाई, मानसाला क्लासला घालायला गल्लीगल्लीत जागा हाय. या मुक्या जीवाला पळायला कुठंच न्हाई. असला राग येऊन राहिला, कुनावर काढू?"

मी त्याला चहा पाजला.

जागा सापडली ती दुधाच्या रस्त्यावर. औशाच्या पुढं आत एक गाव आहे, नाव सांगत नाही, माणसं आहेत अजून तिथली. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पार झोपलं. सरकारनं दीड किलोमीटरवर नवीन गाव बसवलं, सगळी घरं सारखी, सगळे रस्ते सरळ. तिथल्या दूधकेंद्रावर मलप्पा म्हणून माणूस होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. फॅट बघून, कॅन भरून द्यायला त्याला तासभर लागायचा, तोवर भुजंग रिकामा. एकदा त्यानं विचारलं, ती पलीकडं बाभळी दिसतात तिथं काय आहे? मलप्पा म्हणाला, जुनं गाव. भुजंगनं विचारलं, तिथं कुत्री सोडली तर चालंल का? मलप्पा बराच वेळ कॅनचं झाकण पुसत राहिला, मग म्हणाला, सोडा की, तिथं कोन हाय आता.

भुजंगला स्वर्गच मिळाला. दगडांचे ढीग, मधे जुन्या गल्ल्या, बाभळी आणि गवत. गाडी नाही, तार नाही, राखणदार नाही, एक गावठी कुत्रं नाही. दुसरं कुत्रं का नाही, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. साडेपाचला पट्टा काढायचा, उजेड असेपर्यंत हरणी वाऱ्यासारखी पळायची, दमली की आपली आपण येऊन पायाशी बसायची. रात्री घोरायची. आठवडाभर घरात आवाज नाही. नरसिंगराव जिन्यात भेटले तर हसले. पुनमचा भौतिकचा पेपर क्लासमध्ये पहिल्यांदा सत्तरच्या वर गेला.

आता नीट ऐका. सतरा जानेवारी, सोमवार, साल दोन हजार अकरा. पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. त्या दिवशी औशाच्या अलीकडं टेम्पो पंक्चर झाला आणि पोहोचायला पावणेसात वाजले. शहाण्या माणसानं त्या दिवशी नसती सोडली. पण भुजंगला धास्ती, आज पळली नाही तर रात्री रडेल आणि सगळं केलेलं पाण्यात जाईल. रिकामे कॅन उतरवले आणि तो हरणीला घेऊन चालत निघाला. सव्वासातला त्यानं पट्टा काढला. हरणी उधळली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा झाली. चांदणं पडलेलं, पण ढिगांच्या मधे अंधार. भुजंगनं हाका मारल्या. शिट्टी घातली. काही नाही. त्याच्या जिवाचं पाणी झालं, कारण हरणी हरवली तर घरी जाऊन पोरीला काय सांगायचं?

शिकारी कुत्रं एकदा सुटलं की हाक ऐकत नाही, म्हणून पुनमनं तिला लहानपणापासून एक सवय लावलेली. ताटावर पळीनं तीनदा वाजवायचं आणि गप्प उभं राहायचं. गावाकडं अर्ध्या कोसावरून यायची ती. भुजंगच्या पिशवीत तिची भाकरीची जर्मनची ताटली होती. त्यानं दगड उचलला आणि ताटलीवर मारला.

तीनदा.

आणि गप्प उभा राहिला.

ढिगांच्या पलीकडून उत्तर आलं. तीनदा. भांड्यावर भांडं वाजल्यासारखं.

भुजंगला आधी रागच आला. दिवसभर पंक्चर, वर ही कुत्री, आणि त्यात गावातली टारगट पोरं थट्टा करून राहिली असतील. तो ओरडला, कोन हाय रे तिकडं, कुत्री धरली असंल तर मुकाट्यानं सोडा. कोणी बोललं नाही. त्यानं चिडून पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर आलं. या वेळी लवकर आलं. घाईघाईनं.

तो आवाजाकडं चालत गेला. एक गल्ली. दुसरी गल्ली. मोडलेला पार. आवाज जवळ येत होता. पण समोरून येत नव्हता...

खालून येत होता.

तेवढ्यात हरणी दिसली. एका मोठ्या ढिगापाशी. चारी पाय जमिनीत रोवलेले. मान पुढं. ती ओढत होती. सगळं अंग थरथरत होतं, तोंडातून आवाज नाही. तिच्या गळ्यात काहीतरी बांधलेलं होतं, आणि ते ताणलेलं... मागं... दोन दगडांच्या फटीत गेलेलं.

भुजंगच्या मनात एकच आलं, सशासाठी कोणीतरी फास लावलाय. त्यात ही अडकली. गळा आवळून मरेल. त्यानं सुरा काढला, टेम्पोची दोरी कापायचा, खिशातच असायचा.

खाली वाजत होतं. भरभर. आता तीन नाही, चार नाही... थांबतच नव्हतं.

हरणीनं एक पाऊल पुढं टाकलं. फटीतून वीतभर वर आलं. अजून वीतभर आलं.

भुजंगनं सुरा लावला.

कापलं.

वाजणं बंद झालं.

एकदम बंद. रातकिडेसुद्धा... काही नाही. हरणी तोंडावर पडली, उठली, आणि फटीकडं बघत राहिली. हलेना. भुजंगनं वीस-बावीस किलोची ती कुत्री उचलून खांद्यावर टाकली आणि पळत सुटला. ताटली तिथंच राहिली.

केंद्रावर ट्यूबलाईट होती. त्या उजेडात त्यानं हरणीच्या गळ्याला हात घातला. दोरी नव्हती. फासही नव्हता. इरकल लुगड्याची काठाकडची पट्टी होती, फाडून काढलेली, आणि तिला गाठ मारलेली. माणसाच्या हातची गाठ. जनावराला काचू नये म्हणून आपण दोन बोटं सैल ठेवून मारतो ना, तशी.

मलप्पा आला. त्यानं पट्टी हातात घेतली, काठ बघितला. मग एवढंच विचारलं, की तिथं भांडं वाजवलंत का. भुजंग हो म्हणाला. मलप्पा खाली बसला.

मग त्यानं सांगितलं. भूकंपाच्या पहाटेपासून गावात एकच काम चाललेलं. ढिगावर उभं राहायचं, ताट वाजवायचं, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ऐकायचं. खालून वाजलं तर तिथं खणायचं. न्हाई वाजलं तर पुढच्या ढिगावर जायचं, कारण माणसं थोडी आणि पाऊस लागलेला. मलप्पा आपल्या घरावर उभा राहिला. खाली त्याची आई, शांतम्मा. त्यानं ताट वाजवलं, तीनदा. दोनदा परत वाजवून बघितलं. खालून काही आलं नाही. लोक म्हणाले चल, तिकडं लेकरं आहेत. तो गेला. तिकडची दोन लेकरं निघाली, जिवंत. आईला तिसऱ्या दिवशी काढलं, अंगावर याच काठाचं लुगडं होतं.

"आंग गरम होतं," मलप्पा म्हणाला. "झोप लागली असंल तिला. न्हाईतर दमली असंल. मी हातानं आग्नी दिला. तवापास्नं त्या जागेवर आमच्यातलं कोनी भांडं वाजवत न्हाई. गुराखी डबा फडक्यात बांधून नेतो. तुमास्नी सांगायला पायजे होतं. तोंड उघडंना माझं."

सतरा वर्षं कोणी हाक दिली नव्हती तिथं, आणि आमच्या भुजंगनं कुत्रीसाठी दिली.

मलप्पानं पट्टीचं दुसरं टोक उजेडात धरलं.

"हे कापलेलं हाय."

भुजंगनं खिशातल्या सुऱ्यावर हात ठेवला.

"वर येऊन राहिलं होतं का?"

"...हाव."

"किती?"

भुजंगनं हाताची वीत दाखवली. दोनदा. मलप्पा उठला, कॅनची झाकणं लावली, पावती फाडून दिली. 

त्या रात्री हरणी रडली नाही. नंतरही कधी रडली नाही. पुनमची परीक्षा नीट पार पडली, आज ती बिलोलीला डॉक्टर आहे, जाऊन विचारा. पण बापाला कुत्री सोडायची जागा मिळाली का, तर नाही मिळाली. तिची गरजच लागली नाही. पट्टा काढला तरी हरणी त्याच्या पायाला लागून चालायची, आणि चार पावलांवर थांबून मागं बघायची. तो वैतागून म्हणायचा, पळ की ग, आता पळ की. ती पळायची नाही.

हे घडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भुजंगच्या अंगात ताप, म्हणून टेम्पो घेऊन मी गेलो. दूधकेंद्राला कुलूप. बायका म्हणाल्या, मलप्पा सकाळपासून जुन्या गावात आहे, कोणाचं ऐकेना. गेलो. तो कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता, हातात पहार, नखं फुटलेली. दगड बाजूला काढून तो आपल्या घराच्या जुन्या जमिनीपर्यंत पोचला होता. सारवलेली जमीन, कोरडी, मोकळी. हाड नाही, भांडं नाही. असणार कुठून? सगळं त्र्याण्णवला काढलेलं.

फक्त लुगड्याची पट्टी पडलेली होती. मलप्पानं आदल्या रात्री ठेवून घेतलेला हरणीच्या गळ्यातला तुकडा तिला लावून बघितला, काठ काठाला बसला. त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही गाठ मारून वेढा केलेला होता. मनगटाएवढा.

आत काही नव्हतं. त्याची गाठ मात्र ओढून ओढून अशी आवळलेली होती, की मलप्पा अंधार पडेपर्यंत दातांनी, नखांनी सोडवत बसला. त्याला ती सुटली नाही.