अनारबागेची सकाळची बस

बरकतपुऱ्यात उन्हाळ्यातली सकाळ एकदम होत नाही. आधी समोरच्या गच्चीचा कठडा राखाडीचा पांढुरका होतो. मग त्या पांढुरक्यात कुठून तरी हळद कालवल्यासारखा पिवळा रंग उतरतो आणि कठड्यावरून भिंतीवर, भिंतीवरून कडुनिंबाच्या शेंड्यावर असा सावकाश सरकत राहतो. रस्त्यापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागतो. तोवर कुणीतरी अंगणात सडा घातलेला असतो, कुणाची तरी सायकल भिंतीला टेकून उभी असते, दूधवाला रिकामी चरवी घेऊन परत निघालेला असतो. आणि उजेड या सगळ्यांना एकेक करून, घाई न करता, जणू नावाने ओळखत खाली येतो. मी खिडकीशी बसून तो पाहत असे. उजेड आमच्या ओसरीच्या पायरीला टेकला की कमलअक्का पितळी कळशी घेऊन बाहेर येई आणि आम्ही दोघे बसच्या थांब्याकडे निघत असू. बोलत नसू.

कमलअक्का माझी थोरली बहीण. नोकरीसाठी परभणीहून हैदराबादला आल्यापासून मी तिच्याच घरी राहत होतो. मागच्या श्रावणात तिची चार वर्षांची भारती मुदतीच्या तापाने गेली. अक्का रडली, ते आम्हाला समजले. पण रडणे थांबल्यावर तिचे बोलणेही थांबले, ते कुणाला समजले नाही. ‘वाढू का’, ‘दार लावून घ्या’ एवढेच शब्द तिच्यापाशी उरले होते. तिचे यजमान बाळकृष्णपंत, म्हणजे माझे भावजी, एका सरकारी कचेरीत कारकून होते. बायकोचे मन कशात तरी रमावे म्हणून त्यांनी मुसी नदीकाठी अनारबागेत प्लॉट घेऊन घर बांधायला काढले.

नव्या भिंतींना रोज पाणी मारावे लागते. गवंड्यांवर हे काम सोडले तर भिंत तहानलेली राहते, अशी आमच्या लोकांची ठाम समजूत असल्यामुळे घरातलेच कुणीतरी त्यासाठी जाते. अक्काने ते काम न सांगता आपल्याकडे घेतले. मला त्याच बाजूला मोजणीचे काम होते, म्हणून तिची सोबत माझ्याकडे आली.

संस्थान विलीन होऊन तिसरे वर्ष चालू होते. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या, जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे येत होती, आणि शहर, बाकावर जागा मागणाऱ्या माणसासारखे, थोडे थोडे नदीकडे सरकत होते. नदीकाठच्या जुन्या बागा तोडून प्लॉट पाडले जात होते. बसचा मार्ग तिथून पुढे न्यायचा होता, आणि त्या रस्त्याचे नकाशे मी काढत होतो. आमच्या सगळ्या जुन्या नकाशांवर नदीच्या दोन्ही अंगांना एक निळी रेघ असे. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी मुसीला जो प्रलय आला, ज्याला शहरातली म्हातारी माणसे अजून ‘तुग्यानी’ म्हणतात, त्याचे पाणी त्या रेघेपर्यंत चढले होते. अनारबाग रेघेच्या आत होती.

“भावजी, तो प्लॉट खोलगटात आहे,” मी एकदा म्हणालो होतो.

“मग गंडीपेटचा तलाव कशाला बांधला?” भावजी हसले. “आता पाणी अर्ज करून येतं, नरहर. मंजूर झाला तर. तू रेघा सांभाळ, मी छप्पर सांभाळतो.”

त्यात खोटे काही नव्हते. वरच्या अंगाला दोन मोठे तलाव बांधल्यापासून मुसी म्हणजे वाळूतून वाहणारे ओंजळभर पाणी होते.

त्या मार्गावरची बस जुनी होती. शहरात इतरत्र पडदा विरळ होत चालला होता, तरी या बसमध्ये मागच्या भागात बायकांसाठी झनाना होता. त्याचे दार निराळे, आणि आमच्या व त्यांच्या बाकांमध्ये जाड तपकिरी कापडाचा पडदा. अक्का मागच्या दाराने चढे, मी पुढच्या. पडद्याला पाठ लागेल अशा बाकावर मी बसत असे. एवढ्या सकाळी त्या बाजूला जाणारे फारसे कुणी नसे.

अनारबागेच्या थोडे अलीकडे रस्ता एका खोलगटात उतरे आणि पुन्हा चढे. वैशाखातल्या एका सकाळी बस तिथे उतरत असताना पडद्यामागे अक्का बोलली.

मी ताठ बसलो. कित्येक महिन्यांनंतर ऐकलेला तिचा तो पहिला सबंध वाक्याचा आवाज होता. “बसा ना इकडे, पुष्कळ जागा आहे,” असे काहीसे ती म्हणाली. मग “तिला बसू द्या खिडकीशी,” असे म्हणाली. आणि मग ती हसली. तेवढ्या हसण्यासाठी मी त्या बसमध्ये जन्मभर बसून राहिलो असतो.

शेवटच्या थांब्यावर मागच्या दारातून एकटी अक्का उतरली.

“कुणाशी बोलत होतीस?”

“सत्यवती म्हणून आहे एक. इथेच खाली राहते. पोर आहे तिच्याजवळ.”

“मग उतरली नाही ती?”

“मधेच उतरते,” अक्का म्हणाली आणि कळशी कडेवर घेऊन चालू लागली. बस मध्ये कुठे थांबली होती का, हे मी आठवून पाहिले नाही. ती बोलत होती, एवढे मला पुरे होते.

त्यानंतर ती रोज बोलू लागली. खोलगटात बस उतरली की सुरू, चढ संपला की बंद. घरीही ती बोलू लागली. भावजींच्या ताटात दुसरी पोळी वाढताना तिने त्यांच्या पोटाची थट्टा केली, तेव्हा ते उठून मोरीकडे गेले आणि तोंड धुण्यात त्यांनी बराच वेळ घालवला.

“घर पावलं रे आपल्याला,” नंतर ते मला म्हणाले. “आता तुझी ती निळी रेघ तिच्यापुढे काढू नकोस.”

मी काढली नाही. पण पाहायचे म्हणून एका सकाळी मी अनारबागेत हिंडलो. चुन्याने आखलेले चौकोन होते, विटांचे ढीग होते, जुन्या विहिरीवर मोडका रहाट होता. चूल पेटलेले एकही घर नव्हते.

कंडक्टर यादगिरी भला माणूस होता. एकदा तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “साब, बुरा नक्को मानो. बाईसाबको सामने बिठालो ना, अपने बाजू.”

“क्यों?”

“झनाने में एकलीच बैठती उन्हो.” त्याने आवाज खाली आणला. “और उतरे बाद पीछे का फर्श गीला रहता. रोज पोंछता मैं. बारीक रेत निकलती.”

कळशी हिंदकळत असेल, असे मी त्याला सांगितले. कळशी जाताना रिकामी असे, हे त्यालाही माहीत होते. त्याने मान डोलावली. आमच्या शहरात समोरच्याला खोटे पाडणे असभ्य समजतात.

ज्येष्ठ लागला तेव्हा अक्काने एक दिवस जेवताना सांगितले की आपण आता अनारबागेत राहायला जाऊ. स्वयंपाकघरावर पत्रे पडायचे होते, दारांना कड्या नव्हत्या.

“पाऊस तरी जाऊ दे,” भावजी म्हणाले.

“पावसाआधीच जायला हवं,” ती म्हणाली. तिचा स्वर इतका मोकळा आणि आनंदी होता की भावजींनी लगेच सामानासाठी बैलबंडी ठरवायचे कबूल केले.

दुसऱ्या दिवशी थांब्याकडे जाताना मी तिला विचारले, “एवढी घाई कशाला, अक्का?”

“सत्यवतीचे हात भरून येतात रे. पोरीला सारखं उचलून धरावं लागतं.”

“का?”

“खाली पाणी आहे ना.” तिने हे भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात सांगितले. “पावसात आणखी चढेल. मी जवळ असले तर आळीपाळीने धरू.”

रस्त्यावर ऊन उतरले होते. मी माझ्या सावलीकडे पाहत चालत राहिलो.

“पोर तिची आहे?”

“तिची सुटली हातातून. तेव्हाच, तुग्यानीत. ही अलीकडे सापडली तिला. एकटीच होती म्हणे, अंगात ताप होता.”

पुढचा प्रश्न मी विचारला नाही. तो साधा होता, आणि उत्तर देताना अक्का थांबली नसती.

त्या दिवसापासून मला एकच भीती होती. अक्का त्या खोलगटाजवळच्या घरात राहायला गेली, दिवसभर तिथे एकटी राहिली, तर ती परत येणार नाही. परत न येणे म्हणजे नेमके काय, हे मी मनातही मांडले नाही. भावजींना सांगावे तर काय सांगावे? डॉक्टरांकडे न्यावे, तर ज्या बोलण्याने ती आम्हाला परत मिळाली होती तेच बंद करायला ते सांगणार. पडद्यापलीकडून मला काही ऐकू येते का, असे मी स्वतःला विचारत असे आणि नाही, असे उत्तर देत असे. अक्काचे बोलणे, इंजिनाची घरघर, मागच्या दाराची सैल बिजागरी. एकदा ‘अक्का’ अशी हाक आली. भारती तिला अक्काच म्हणायची, माझे ऐकून. पण या शहरात तेलुगू घरांतली कुठलीही पोर कुठल्याही बाईला अक्का म्हणते.

सामान हलवायचा दिवस आला. भावजी बंडीबरोबर पहाटेच पुढे गेले. अक्का कुलूप लावून पायरीवर उभी राहिली. तिचा चेहरा माहेरी निघालेल्या मुलीसारखा होता.

“नको जाऊस राहायला,” मी म्हणालो.

“मी इकडे कोरड्यात राहू, आणि ती तिकडे?”

“मग तिलाच घरी घेऊन ये.” मी चिडलो होतो, घाबरलो होतो; काय बोलतो आहे याचा मला नीट अंदाज नव्हता. “एवढाच जीव अडकला असेल तर आण इथे. तू कशाला खाली उतरतेस?”

अक्काने किल्ली कमरेला खोचली.

“तुला चालेल?” तिने विचारले.

“चालेल.”

“नक्की? मग नको म्हणायचं नाही, नरू.”

“नाही म्हणणार.”

बसमध्ये त्या दिवशी आम्ही दोघेच होतो. यादगिरी ड्रायव्हरजवळ उभा राहिला, मागे आला नाही.

बस खोलगटात उतरू लागली. बाहेर कोरडे, पांढरे ऊन होते. रस्त्याकडेचे गवत वाळून गेले होते.

माझ्या पाठीशी पडदा थंड झाला. मग ओला.

पाणी भिंतीला लागून हळू हलावे तसा आवाज येत होता. फळ्यांखालून नाही; माझ्या खांद्याच्या उंचीवरून.

“द्या इकडे,” अक्का म्हणाली.

पलीकडे बाकाची फळी करकरली.

“दिलीत ना? सोडा आता. मी धरलंय. सोडा.”

कुणीतरी फार दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला. ती अक्का नव्हती.

बस चढाला लागली. पडदा हालला आणि पुन्हा सरळ लोंबू लागला.

शेवटच्या थांब्यावर अक्का सावकाश, एकेक पायरी बघत उतरली. तिचे लुगडे छातीपर्यंत भिजले होते आणि निऱ्यांतून बारीक वाळू गळत होती. डावा हात तिने कडेपाशी वाकवून धरला होता, उजवा वर, पाठ थोपटावी तसा.

“भावजींना सांग, बंडी माघारी फिरवा,” ती हळू आवाजात म्हणाली. “इथे राहायचं नाही. आणि मोठ्याने बोलू नकोस.”

भावजी रागावले, मग हसले, मग तिच्या ओल्या लुगड्याकडे पाहून बंडीवाल्याकडे वळले. प्लॉट पुढे एका वकिलांनी घेतला. त्या पावसाळ्यात मुसीला पूर आला नाही. बसचा मार्ग माझ्या नकाशाबरहुकूम पुढे गेला. पडदा काढून टाकला गेला, आणि फर्श आता कोरडा राहतो असे यादगिरीने मला आपणहून सांगितले.

अक्का बरी आहे. शेजारणींशी बोलते, कोठीच्या बाजारात जाऊन घासाघीस करून बांगड्या आणते, भावजींची थट्टा करते. कळशी ती आता उजव्या कडेवर घेते. सकाळी उजेड समोरच्या कठड्यावर आला की ती ओसरीच्या पायरीवर बसून काहीबाही सांगत असते. स्वतःशीच बोलण्याची सवय आहे तिला, असे भावजी लोकांना सांगतात. त्यांना तिचाच आवाज ऐकू येतो. मीही तेच सांगतो. कुणी विचारले तर बिजागरीचे सांगतो, तेलुगू घरांचे सांगतो.

खिडकीत बसलेल्या मला रोज दोन आवाज ऐकू येतात. दुसरा भारतीचा आहे. बसमधल्या त्या पहिल्या सकाळीही पडद्यामागून तो मला ऐकू आला होता, आणि तो तिचाच होता.