थंड कुपीतला स्फटिक

गौरीने निळा लेझर सुरू केला आणि पडद्याकडे बघतच राहिली. चुंबकाचा आणि विजेचा गुण एकत्र नांदवणाऱ्या थंड, बंद कुपीत ठेवलेल्या त्या काळ्या स्फटिकाच्या कंपनांच्या टोकदार रेषा उमटायला हव्या होत्या. त्यांच्या जागी नुसता फुगीर डोंगर उठला होता.

"जी रेष जगात कुणाला सापडत नाही, ती हिला बरी सापडली," डॉ. नागभूषण म्हणाले. शेजारच्या खोलीत ते असेच स्फटिक वाढवत, पण लँथनम हा धातू मिसळून. "बनवलेली होती, दुसरं काय."

दुपारी समिती बसणार होती. गौरीने प्रबंधात मांडलेली ती नवी रेष त्यांना दाखवता आली नाही, तर गौरीची पदवी जाणार आणि नावही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख शरावती हेगडे खुर्ची ओढून बसल्या.

"कुपी शेवटची कधी उघडलीस?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मॅडम. स्फटिक बसवला, कुपी बंद केली आणि शिरसीला घरी गेले. आज येऊन नुसती थंड केली."

"आयुधपूजा कुणी केली?"

"मी," गौरीचा सहकारी पूणच्चा म्हणाला. "गंध आणि मोगरा. हळद या खोलीत आणायची नाही, ही तुमचीच शिस्त. मग खोलीची किल्ली बाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि सगळ्यांबरोबर जेवायला खाली."

"नंतर यंत्राला हात?"

"पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी कोण शिवतं, मॅडम? आजी कोडगूहून येऊन कान पिळेल."

"आणि तुम्ही, सर?"

"माझ्या भट्टीची पूजा केली आणि थेट घरी. तुमच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही."

शरावती शेजारी डोकावून आल्या. भट्टीवर हळदीचे जाड पट्टे वाळले होते.

त्यांनी कुपी उघडवली. स्फटिक चिमट्याने काढून अल्कोहोलने पुसला, पुन्हा प्रकाशात धरला. डोंगर गेला. रेषा उभ्या राहिल्या, पण जागा सोडून सरकलेल्या.

"निळ्या प्रकाशात हळद स्वतःच चमकते आणि बारीक रेषा बुडवून टाकते," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून इथे ती बंद. तरी बंद कुपीत पोचली. इथे दिवसभर कुणी फिरकणार नाही हे ओळखून कुणीतरी स्फटिक बदलला, ओल्या हळदीच्या बोटांनी."

"हळद जेवणातल्या चित्रान्नाच्या भातातही होती," नागभूषण हसले. "सगळेच जेवले."

"म्हणून तर पुसून पाहिलं. अणूंची जाळी कशी थरथरते ते प्रकाश सांगतो, सर. गौरीचा स्फटिक शुद्ध आहे. यात लँथनम आहे. बेंगळुरूत दुसरीकडे असेलही, पण या इमारतीत ते फक्त तुमच्या भट्टीत मिसळलं जातं. त्याच रेषेवर तुम्हीही लिहिताय ना? हिची खोटी ठरली, की पहिली तुमची."

नागभूषणांचं हसू मावळलं. मग त्यांनी खिशातून एक लहानशी डबी काढून टेबलावर ठेवली; आत गौरीचा स्फटिक होता.

"हातमोजे घाल, गौरी," शरावती म्हणाल्या. "पूणच्चा, समितीला इकडेच बोलव. रेष उमटताना त्यांनाही बघू दे."