छत्रीत न पडलेली

छत्रीवाल्या काकांनी काठी उगारली आणि झुडपावर सटासट तडाखे हाणले. खाली उलटी धरलेली त्यांची मोठी काळी छत्री भरू लागली. वाळकी पानं पडली, मुंग्या पडल्या, एक घाबरलेला नाकतोडा पडला आणि तिळाएवढे काही कोळी पडले. उरलेला कचरा उंटाच्या केसांत गेला, कारण छत्रीचा दांडा धरून तोच उभा होता. उंट म्हणजे मिरीचा थोरला भाऊ. लांब मानेपायी त्याला हे नाव घरातच मिळालं होतं. धाकट्याला बटण म्हणत, कारण तो सदैव कुणाच्या तरी अंगाला चिकटलेला असे.

काकांनी भिंगातून कोळी पाहिले आणि नाक मुरडलं. "पुन्हा सगळी पिल्लंच. झालं माझं काम. या उतारावर नवीन काहीही नाही."

काकांचं म्हणणं म्हणजे साधं म्हणणं नव्हतं. या उतारावर दुसरीकडे कुठेच नसलेली कोळ्याची जात आहे की नाही, हे ठरवायला सरकारने त्यांना पाठवलं होतं. नसेल, तर उतारावरचं जंगल कापून तिथे दगडाची खाण होणार होती. त्यांचा निकाल उद्या सकाळी जायचा होता, आणि खाणीच्या मुकादमाची माणसं तर आजच पायथ्याशी करवती चालवत होती. त्यांना कसली घाई होती कोण जाणे.

मुलांची आत्या म्हणत होती की जात आहे. ती कितीतरी वर्षं याच उतारावरच्या कोळ्यांच्या अभ्यासामागे होती. महिन्यापूर्वी कड्यावरच्या उंच फांदीतलं एक पान वाकून बघताना तिचा पाय घसरला आणि ती खाली दगडांवर पडली. तेव्हापासून कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून ती संशोधन केंद्राच्या खोलीत खाटेवर पडून होती. पडण्याआधी त्या पानात वाढ झालेली मादी दिसली होती, असं ती सांगे. काका तिच्यासमोर मान हलवत आणि बाहेर आल्यावर म्हणत, "डोक्यालाही मार बसलाय तिच्या."

सगळं त्या मादीवर येऊन अडलं होतं. इथले नर आणि पिल्लं पलीकडच्या टेकडीवरच्या साध्या कोळ्यांसारखीच दिसत. वेगळेपणा दिसायचा तो वयात आलेल्या मादीच्या पोटाखालच्या बारीकशा पट्टीत, आणि ती पट्टी शेवटची कात टाकल्यावरच तयार होते. त्यामुळे मादी नाही तर जात नाही, आणि जात नाही तर जंगलही नाही.

"काका, जे छत्रीत पडत नाही त्याचं काय?" मिरीने विचारलं.

"झोडपल्यावर सगळं पडतं," काका म्हणाले. त्यांनी झुडपाला आणखी एक तडाखा दिला आणि छत्री मिटली.

मिरी मात्र झुडपाकडेच बघत होती. एवढा मार खाऊनही एक दुमडलेलं पान जसंच्या तसं लटकत होतं. काका म्हणाले, ती अळीची घरं असतात, त्यात बघण्यासारखं काही नसतं.

दुपारी काका जेवून आडवे झाले. मुलांनी आत्याचं पांघरूण अंगणात झटकायला नेलं. उंटाने एक टोक धरलं, मिरीने दुसरं. धूळ उडाली, कापसाचे पुंजके उडाले, पण पांघरुणात रुतलेली कुसळं काही केल्या हलेनात. उंट आणखी जोरात झटकायला लागला तेव्हा बटण वैतागून म्हणाला, "अरे, ती धरून बसलीयेत. झटकून कशी पडतील?" आणि तो एकेक कुसळ चिमटीने उपटायला लागला.

मिरीच्या हातातलं टोक सुटलं. जे धरून बसलंय, ते झोडपून पडतच नाही. काका इतकी वर्षं झुडपं झोडत आले होते आणि छत्रीत पडेल तेवढंच जंगल, असं धरून चालले होते.

तिघेही उताराकडे धावले. पायथ्याची झाडं आता झाडं राहिली नव्हती. कापलेल्या फांद्यांचे ढीग पडले होते, पानं अजून हिरवी होती, आणि हवेत ओल्या लाकडाचा वास कोंदला होता. पायांखाली एक घरटं आलं, तेव्हा उंटाने बटणाला कडेवर घेतलं. बटण आता कडेवर घेण्याइतका लहान नव्हता, पण तो उंटाच्या गळ्याला चिकटला.

दुमडलेलं पान मिरीला पहिल्याच ढिगात सापडलं. कडा पांढऱ्या धाग्याने घट्ट शिवलेल्या होत्या. तिने नखाने शिवण उसवली. आत मोहरीएवढ्या पिल्लांची दाटी होती, आणि त्या दाटीखाली एका मोठ्या कोळ्याचे पाय होते. पाय हलत होते. पिल्लं तिला खात होती, आणि ती जिवंत होती.

मिरीने किंचाळून पान भिरकावून दिलं.

धावत जाऊन तिने आत्याला सगळं सांगितलं. ते ऐकून आत्या उशीवरून उठण्याची धडपड करायला लागली आणि कळ आल्यावर पुन्हा मागे टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कळेचं की कशाचं ते सांगता येत नव्हतं.

"म्हणून ती कधी सापडत नव्हती," ती म्हणाली. "वयात आली की पान शिवून आत बसते. अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की तीच त्यांचं पहिलं जेवण. पळायचं म्हटलं तर पळू शकते, पण पळत नाही. मागे नुसती टरफलं उरतात." तिने मिरीचा हात धरला. "ते तुकडे मला उपयोगाचे नाहीत. मला अख्खी मादी हवी, अंड्यांवर बसलेली. उभ्या झाडावर बघा. पान उसवू नका, फांदीसकट आणा. आणि कड्याकडे फिरकायचं नाही, माझी शपथ."

पण उभं झाड राहायला तर हवं. करवतींचा आवाज आता अगदी वरून येत होता. मुकादम पोरांचं ऐकणार नव्हता, आणि काका घोरत होते. व्हरांड्यातल्या खुंटीवर त्यांची छत्री लटकत होती. मिरीने उंटाकडे पाहिलं. उंटाने छत्री काखेत मारली.

उतारावर पोचल्यावर त्यांनी ती उघडली आणि करवतींच्या वाटेतल्या पहिल्याच झुडपाखाली उलटी टांगली. ती छत्री मुकादमाला चांगली ठाऊक होती. तो ताडताड पावलं टाकत आला.

"साहेब कुठायत?"

"काम चालू आहे. छत्रीपासून वरच्या एकाही झाडाला कुणी हात लावायचा नाही," उंट म्हणाला. काम चालू होतंच, फक्त साहेब झोपले होते.

मुकादम पुटपुटला, त्याने दोन शिव्या गिळल्या आणि माणसांना बसायला सांगितलं. पण तो घड्याळ बघत होता, आणि उंटाची मान घामाने निथळत होती. मिरी पानामागून पान चाळत होती. अळीची पानं सैल गुंडाळलेली असत, किंवा शिवण आधीच फाटून पिल्लं निघून गेलेली असत. अशा एका रिकाम्या पानात तिला फक्त पायांची टरफलं दिसली. तिने ते हळूच फांदीवर ठेवलं.

शेवटी पान सापडलं बटणाला. तो झुडपाखाली उताणा सरपटत गेला होता. "हे जड आहे," तो खालून म्हणाला. उंटाने चाकूने ती डहाळी कापली आणि टोपीत धरून आणली.

केंद्रावर काका जागे होऊन छत्री शोधत होते आणि भलतेच तापले होते. आत्याने त्यांना एका शब्दात गप्प केलं. खाटेला लावलेल्या मायक्रोस्कोपखाली पान ठेवून तिने सुईने बारीकशी फट पाडली. आत अंड्यांची पिवळसर पिशवी होती आणि तिच्यावर आठही पाय टाकून मादी बसली होती. सुई जवळ आली तशी ती पिशवीला आणखी बिलगली.

आत्याने स्पिरिटची कुपी उघडली.

"मारायचंच का तिला?" मिरीने विचारलं.

"पट्टी नीट बघायला दुसरा मार्ग नाही माझ्याकडे. जात जाहीर करायची तर एक नमुना जपून ठेवावाच लागतो." आत्याने काही लपवलं नाही. "आणि ती गेली की ही अंडीही गेली. पिल्लं निघाली तरी उपाशी मरतील. तू नको म्हणालीस तर मी ऐकेन, मिरी. पण उद्या ते सगळं जंगल कापतील, आणि अशा सगळ्याच माद्या जातील."

मिरीने पुन्हा मादीकडे पाहिलं. बटण तिच्या दंडाला चिकटून उभा होता. मग तिने होकाराची मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

थोड्या वेळाने आत्याने मायक्रोस्कोप काकांकडे सरकवला. काका वाकले ते वाकलेच. ती पट्टी त्यांनी आजवर पाहिलेल्या कुठल्याही कोळ्यासारखी नव्हती. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी असे किती उतार झोडपून 'काही नाही' म्हणून लिहून दिलंय," ते म्हणाले. ते चपलाही न घालता उताराकडे निघाले.

त्यांनी कटाई थांबवली. मुकादमाला तिथेच बजावलं की निकालाआधी करवत लावल्याबद्दल त्याला जाब द्यावा लागेल. पण तोवर खालचा अर्धा उतार गेला होता, आणि तो काही परत येणार नव्हता.

परत आल्यावर काकांनी तिघांची पाठ थोपटली आणि ते आत्याला म्हणाले, "खरी नजर या पोरांची." आत्याने तर जाहीरच केलं की नव्या जातीला मिरीचं नाव द्यायचं.

"माझं नको," मिरी म्हणाली. "मी तिला मारलंय." आणि ती बाहेर पडली.

ऊन उतरत होतं. उंट आणि बटण न विचारता मागे आले, काकाही आले. मिरी त्या पहिल्या ढिगात गुडघ्यांवर बसून शोधत होती. भिरकावलेलं पान खालच्या फांद्यांत अडकलेलं मिळालं. आई आता उरली नव्हती. पिल्लं मात्र गुबगुबीत झाली होती आणि उसवलेल्या कडेवर येऊन थबकली होती.

पान ओंजळीत धरून ती वर, उभ्या झुडपांपाशी गेली. पान डहाळीला बांधायला उंटाने सदऱ्याचा सुटलेला धागा तोडून दिला. पण वारा होता, डहाळी डोलत होती आणि गाठ काही बसेना.

तेव्हा छत्रीवाले काका पुढे झाले. मिरीची गाठ नीट बसेपर्यंत ते ती फांदी दोन्ही हातांनी धरून, तसूभरही हलू न देता, उभे राहिले.