अर्धा राहिलेला डाव

दिव्याची वात जरा कमी करा. उजेड फार झाला की मला नीट आठवत नाही. माझा धंदाच अंधारातला होता. गिरगावात एका शेटजींच्या फोटोच्या दुकानात मी कामाला होतो. फोटो उमटतात त्या काचा धुवायच्या, औषधे कालवायची आणि शेटजींना कंटाळा आला की फोटोही काढायचे. लोक मला गंगाधर फोटोवाला म्हणत. शेटजी नुसते ‘अरे’ म्हणत.

प्लेगचे पहिले साल नुकतेच सरले होते. त्या हिवाळ्यात शेटजींनी विलायतेहून लांब पल्ल्याचे भिंग मागवले. पितळेचे नळकांडे, चांगले हातभर लांब. मैदानापलीकडचा माणूस ते नाकासमोर आणून उभा करी. आता शेटजींना हौस आली, की मुंबईत कोणी काढला नाही असा फोटो आपण काढायचा. मशालींच्या उजेडात चाललेला हुतुतूचा सामना.

मी म्हटले, “शेटजी, एवढ्याशा उजेडात भिंग किती वेळ उघडं ठेवावं लागेल! पळता माणूस काचेवर उमटायचा नाही. धूर येईल नुसता.”

“तू जा तर खरा,” ते म्हणाले.

मी तरी कशाला नाही म्हणतोय? लालबागेत माझी धाकटी बहीण शेवंती राहत होती. तिचा नवरा चंदू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि हुतुतूत वरच्या चाळीचा हुकमी गडी होता. नुकतीच बोलू लागलेली काशी नावाची पोर होती त्यांना. म्हटले, फोटोचे काहीही होवो, बहिणीच्या हातचे जेवून तर येऊ.

फोटोची पेटी मी मैदानात नेलीच नाही. प्लेगच्या साली गोरे शिपाई घरोघर झडत्या घेत. ज्या घरासमोर फोटोची पेटी उभी राहिली, त्या घरातला माणूस इस्पितळातून परत येत नाही, असे लालबागेत पक्के झाले होते. पेटी दिसली असती तर मला तिथेच तुडवला असता. म्हणून शेवंतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या लुगड्याच्या आड, फटीतून भिंग तेवढे बाहेर काढून, मी तिपाई उभी केली. समोर खाली मैदान होते. लांबचे भिंग त्यासाठीच तर होते.

गिरण्यांचे भोंगे होऊन गेले, अंधार पडला, करंजाच्या तेलाच्या मशाली पेटल्या. चंदू धोतराचा काचा मारत माझ्याशी बोलत होता.

“आज नवो डाव नाय, दादा. गेल्या सालचो पुरो करूचो आसा.”

मग त्याने सांगितले ते असे. गेल्या वर्षी वरची चाळ आणि खालची चाळ यांचा सामना ऐन रंगात असताना प्लेगवाले आले. सगळे पळाले. खालच्या चाळीचा दौलत तेवढा पळाला नाही. तो बाद होऊन रेघेबाहेर बसला होता. अंगात ताप असताना तसाच खेळायला उतरला होता बिचारा. त्याला बसल्या जागेवरून उचलून डोलीत घातले. तो परत आला नाही.

अर्धा डाव सोडून दुसरा मांडायचा नाही, ही तिथली रीत. म्हणून म्हाताऱ्या कुशाबांनी, म्हणजे पंचांनी, निवाडा दिला. डाव तुटला तिथूनच पुढे खेळायचा आणि दौलतच्या जागी कोणाला घ्यायचे नाही. तो बसलेला होता, बसलेलाच धरायचा. त्याची रेघेबाहेरची जागा मोकळी ठेवायची. खरे सांगतो, ऐकून मला गहिवरून आले.

शेवंतीला मात्र ते रुचले नाही. “गेलेल्या माणसाला खेळात कशाला धरायचं?” ती हळूच म्हणाली.

“अगो, मान आसा तो तेचो,” चंदू हसला. काशीचा गालगुच्चा घेतला आणि दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेला.

हुतुतू तुम्हांला ठाऊक आहेच. बाद झालेला गडी बाहेर बसतो. समोरच्यांचा एक बाद झाला, की बसलेल्यांतला पहिला उठून आत येतो. एक बाहेर, एक आत.

डाव सुरू झाला आणि मी काळ्या फडक्याखाली डोके घातले. आता एवढे ध्यानात ठेवा. पेटीच्या मागे दुधी काच असते, तिच्यावर समोरचे चित्र पडते ते उलटे पडते. डोकी खाली, पाय वर. लाटसाहेब आला तरी आमच्या काचेवर डोक्यावरच उभा राहतो. आम्हांला त्याची इतकी सवय, की सरळ जगच आम्हांला चुकल्यासारखे वाटते.

आधी काही दिसेना. मग डोळा सरावला. मशाली खाली लोंबत होत्या, घामाने चकाकणारे गडी छताला चिकटलेल्या पालींसारखे सरकत होते. मी भिंग हळूहळू रेघेवर आणले.

मोकळ्या जागेत कोणीतरी बसले होते.

उकिडवे बसले होते, गुडघ्यांना मिठी मारून. मला रागच आला. एवढे ठरवून ठेवलेली जागा, आणि हा कोण उपटसुंभ? फडक्यातून डोके बाहेर काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. जागा रिकामी होती. पुन्हा आत गेलो. बसलेलाच होता. मघापासून डोळ्याला काहीतरी खुपत होते ते काय, हे तेव्हा कळले.

सगळे मैदान उलटे होते. तो एकटा सरळ होता.

भिंग पुसले, काच पुसली. तो तसाच होता, डोके वर, पाय खाली. खालून ‘हुतुतूतूतू’ असा दम ऐकू येत होता. खालच्या चाळीचा गडी चढाईला आला होता. त्याने चंदूच्या खांद्याला हात लावला आणि दम न सोडता परत पळाला. एकच गलका झाला. चंदूने मांडीवर थाप मारून हार मानली आणि तो बाहेर बसायला निघाला.

आता खालच्या चाळीचा पहिला बसलेला गडी उठायचा होता.

कुशाबांनी मोकळ्या जागेकडे बघून हात वर केला. “दौलत,” म्हातारा म्हणाला, “ऊठ रे बाबा…”

कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. आणि काचेवर तो उठला.

सावकाश उठला. फार दिवस बसलेल्या माणसासारखा. त्याने अंग झटकले आणि रेघेकडे चालू लागला. त्या रेघेकडे समोरून चंदू येत होता. चंदू उलटा, तो सरळ. फडक्याखाली एकदम इस्पितळातल्या औषधाचा वास कोंदला, तो उग्र, प्लेगच्या साली घरे धुवायला वापरत तो. दोघे रेघेवर समोरासमोर आले. त्याने दोन्ही हात पुढे केले…

“चंदूराव, पळा!” मी जीव खाऊन ओरडलो. “पळा तिथून!”

लुगडे सरकले. खालच्या लोकांना गॅलरीतली पेटी दिसली. “प्लेगवाले आले!” कोणीतरी किंचाळले आणि क्षणात मैदान फुटले. मशाली टाकून जो तो वाट फुटेल तिकडे धावला. डाव पुन्हा अर्धाच राहिला.

चंदू धापा टाकत वर आला. मी त्याला चाचपून पाहिला. अंग गरम, छाती धडधडत होती, सगळे माणसासारखे. शेवंतीने त्याला पाण्याचा तांब्या दिला. माझ्या जिवात जीव आला. खाली मैदानात दोन-तीन मशाली पडल्या पडल्या जळत होत्या. रिकाम्या हाती गेलो तर शेटजी बोलतील, म्हणून मी एक काच घातली आणि रिकाम्या मैदानाचाच फोटो घेतला. भिंग बराच वेळ उघडे ठेवले. तोवर चंदू माझ्या शेजारीच पाणी पीत उभा होता.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत काच धुतली. मैदान आले, मशाली आल्या. आणि रेघेबाहेर बसलेला एक माणूस आला.

तो चंदू होता. एकेक बरगडी मोजावी इतका स्वच्छ. असे उमटायला माणसाला भिंग उघडे असेतो दगडासारखे बसावे लागते.

मी शेटजींना सांगितले, धूर आला नुसता. कागदावर छापून तो फोटो मात्र जपून ठेवला. का, ते विचारू नका. फाडायला हात धजेना एवढे खरे.

शिमगा झाला आणि एक दिवस शेवंती गिरगावात दुकानाच्या दारात उभी राहिली. मागे चंदू होता, धुतलेला कोट घालून. “दादा, आमच्या दोघांचा फोटो काढ,” ती म्हणाली. पेटीच्या वाऱ्याला उभी न राहणारी माझी बहीण! मी चंदूला खुर्चीवर बसवले, तिला शेजारी उभे केले. दिवसाढवळ्याची वेळ, छपराच्या काचांतून उजेड धो धो येत होता. मी फडक्यात शिरलो.

खुर्ची उलटी. पडदा उलटा. शेवंती उलटी.

चंदू सरळ बसला होता. आणि माझ्याकडे बघत होता.

औषधाचा तो वास आला. मी कसाबसा बाहेर आलो. “उजेड बरोबर नाही,” मी म्हटले. “चंदूराव, जरा बाहेर थांबता का?” तो मुकाट्याने उठला, बाहेर गेला आणि पायरी उतरून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“तुला दिसलं,” शेवंती म्हणाली. तिने विचारले नाही, सांगितले. “मला रोज दिसतं, दादा. त्या रात्रीपासून. घरी येतात ते उंबऱ्याबाहेर उभे राहतात. मी ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकत नाहीत. मला ‘अगो’ म्हणत नाहीत. काशीला हात लावत नाहीत, पूर्वीसारखा तिच्यासाठी ताटात घास काढून ठेवत नाहीत…”

मी तिला तो फोटो दाखवला. तिने तो पदराने पुसला. मग तिला रडू फुटले. “हा माझा माणूस,” ती म्हणाली. “थंडीत असा उघडा बसलाय… दादा, बसलेला गडी परत कधी उठतो?”

“समोरचा एक बाद झाला की. पण डाव चालू हवा.”

“मग पुरा करा ना डाव!”

डाव पुरा करता येईल का, हे विचारायला मी आधीच लालबागेत जाऊन आलो होतो. प्लेग पुन्हा आला होता. कुशाबा गलबतात बसून कोकणात गेले होते. खालच्या चाळीला कुलपे लागली होती, आणि जे राहिले होते ते मैदानाचे नाव काढले की दार लावून घेत.

शेवंतीने डोळे पुसले. “मग आज मी ‘या’ म्हणायची नाही,” ती म्हणाली.

तो तिथून परस्पर गिरणीत गेला. मी तिला घेऊन लालबागेत आलो. दिवेलागणीला तिने दार लावून कडी घातली. काशी कोपऱ्यात चटईवर झोपली होती. आम्ही दोघे चुलीपाशी बसून राहिलो. भोंगा झाला. जिन्यावर पावले वाजली आणि दाराशी थांबली.

टक… टक…

शेवंतीने माझा हात धरला.

टक… टक…

“शेवंती,” बाहेरून आवाज आला. चंदूचाच आवाज, पण घाई नाही, राग नाही. नुसती वाट बघणे. दाराखालून तो वास आत येऊ लागला. “दादा,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही तरी म्हणा…”

मी दातांखाली जीभ धरली. चूल विझत आली. पुन्हा टकटक झाली नाही. शेवंतीने माझ्याकडे पाहिले. तिच्या तोंडावर, किती दिवसांनी, जरा आशा दिसली.

“बाबा, ये ना,” काशी झोपेतच म्हणाली.

दार उघडले. कडी मी स्वतः पाहिली होती घातलेली. तो आत आला, पाय धुतले, पाटावर बसला.

शेवंती उठली. तिने त्याला ताट वाढले. मग दुसरे ताट घेतले, गरम भात घातला, वर आमटी घातली आणि मैदानाच्या बाजूच्या खिडकीत नेऊन ठेवले. कावळ्याला ठेवतात तसे नव्हे. शेजारी पाण्याचा तांब्याही ठेवला. तो पाटावरून तिच्याकडे बघत होता.

मी रात्रभर भिंतीला टेकून जागा होतो. खिडकीपाशी कोणी आले नाही, गेले नाही. उजाडल्यावर शेवंतीने ताट उचलले आणि मला दाखवले. भाताचा एक घास कालवून कडेला काढून ठेवला होता, लहान पोराला भरवण्यापुरता.