दर मंगळवारी चिकोडी

"ही चिकोडीचीच ना हो?"

निपाणी स्टँडवर बसमध्ये जागा धरून मी खिडकीतून खाली उभ्या माणसाला विचारलं.

"न्हाय ओ बाई, संकेश्वरची! फुडं बोर्ड हाय की एवढा मोठा."

"कानडीत आहे तो."

"मग? वाचता येत न्हाय?" तो हसला. "उतरा. मी चिकोडीलाच निघालोय."

उतरले. लाजेनं कान तापले होते. माहेर कागलचं, शाळा मराठी. निपाणीत संसार करून बारा वर्षं झाली, पण बोर्ड वाचायची वेळच आली नव्हती. लाइट बिल, रेशनचा कागद, सगळं माझा नवरा, भीमरत्न वाचायचा. ऑगस्टमध्ये सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि दुपारी सगळं संपलं. मग मला कळलं, माझं अर्धं घर कानडीत आहे.

त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याची तार गुंडाळायला मीही शिकले होते, हात चांगला होता माझा. दुकान मीच चालवणार होते. पण गाळ्याचे मालक मारुतीराव म्हणाले, "वहिनी, करार त्याच्या नावचा. वारस दाखला आणा, लगेच तुमच्या नावानं करतो. जानेवारी अखेरपर्यंत थांबतो." भीमरत्नचं मूळ गाव चिकोडी तालुक्यातलं, म्हणून दाखला तिथला.

आणि हा स्टँडवर भेटलेला माणूस, नागेंद्र, तिथंच तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून लोकांचे कानडी अर्ज लिहायचा. नशीबच म्हणायचं!

"मोबाइल नंबर?" माझा अर्ज लिहिता लिहिता त्यानं विचारलं.

मी भीमरत्नचा सांगितला. तो फोन मी रोज चार्ज करत होते. गॅसपासून बँकेपर्यंत सगळे मेसेज अजून त्याच्यावरच यायचे.

नागेंद्र थांबला. "दाखला झाला की मेसेज कानडीत येतोय, तुमी वाचणार कसा? माझा नंबर घालतो. तुमी मंगळवारी या."

"बरं, नागेंद्रअण्णा."

मंगळवारी दाखला नव्हता. पुढच्या मंगळवारीही नव्हता. "साहेब रजेवर हायेत... बसा की, आलायसा तर." बाक रुमालानं पुसून द्यायचा. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "रिकामं बसण्यापरास कानडी शिका. कुठलं नाव लिवू पयलं?"

"भीमरत्न."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. कोऱ्या कागदावर गोल गोल अक्षरांत ते नाव लिहिलं, आणि कागद माझ्याकडं सरकवला. तो मला तिथंच आवडला.

मग मी पेरू न्यायला लागले, कधी भाकरी आणि खर्डा. तो तिखटानं डोळे पुसत अक्षरं गिरवून घ्यायचा.

"हे 'क' न्हाय, पोट सुटलंय त्येचं!"

"तुमच्यासारखं."

"व्हय, तुमच्या भाकरीनं सुटलंय." मग हळूच... "एक सांगू? ते अण्णा तेवढं म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नुसतं नाव घ्या की."

घरी येईपर्यंत ते नाव मनात घोळत राहिलं. त्या दिवशी भीमरत्नचा फोन चार्ज करायचा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

जानेवारी संपला. दाखला आला नाही. मारुतीरावांनी आणखी चार दिवस वाट पाहिली आणि गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिला. भीमरत्नचं वाइंडिंग मशीन मी टेम्पोत घालून घरी आणलं आणि जिन्याखाली ठेवलं.

मंगळवारी हे सांगितलं, तर नागेंद्र खाली मान घालून म्हणाला, "सरकारी काम... काय करायचं?" आणि चहा आणायला गेला.

टेबलावर त्याच्या फायलींची चळत होती. मी सवयीनं पाठीवरची नावं वाचू लागले. रवळू... सोनुबाई... अडखळत, पण येत होतं. सगळ्यांत खालच्या फायलीपाशी अडखळावं लागलं नाही. ते नाव मी सगळ्यांत आधी शिकले होते.

आत दाखला होता. शिक्का, सही, तारीख अठरा नोव्हेंबर.

नागेंद्र दोन कप घेऊन आला आणि जागीच थांबला.

"वाचता आलं मला," मी म्हणाले.

"उपासना... दाखला हातात दिला असता, तर तू परत आली असतीस?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. त्या एका शब्दासाठी मी काय काय केलं असतं!

"आले असते," मी म्हणाले. "दाखल्यासाठी कोण येत होतं हो? डिसेंबरपासून मी तुमच्यासाठीच येत होते. एकदा विचारायचं तरी!"

"चुकलं माझं. दुसरा गाळा बघून देतो... लई चांगला बघतो..."

"भीमरत्नच्या हातचं दुकान होतं ते. माझं पोट होतं." मी फायलीतून दाखला काढला. "मी दर मंगळवारी हसत घरी जात होते, आणि दुकान जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्याच्या हातातला चहा हिंदकळून मनगटावर सांडत होता. पुसावा असं वाटलं मला. अजूनही वाटलं, याचाच राग आला. दाखला पिशवीत घातला.

"येते, नागेंद्रअण्णा."

त्यानं डोळे मिटून घेतले.

स्टँडवर निपाणीची गाडी कुणालाही न विचारता ओळखली.

काल लाइट बिल आलं. भाकरी तव्यावर टाकून उभ्या उभ्या सगळं वाचलं. शेवटच्या ओळीत एक जोडाक्षर अडलं. ते सांगणारं माझ्या ओळखीचं एकच माणूस. फोन हातात घेतला, नावापर्यंत गेले...

भाकरी करपल्याचा वास आला. फोन ठेवून ती उलटली. ते अक्षर अजून अडलेलंच आहे.