आठशे मीटर

वसाहतीची बस बंद करायचा निर्णय माझा होता आणि त्याच्या बरोबरपणाबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मालगाड्यांच्या यार्डापलीकडच्या त्या वसाहतीला एकच सरळ रस्ता. मुख्य थांब्यापासून आठशे मीटर. दहा मिनिटं चालून पोचता येत असेल तिथे वेगळी बस द्यायची नाही, हा आमच्या खात्याचा नियम. अंतर मोजायचं चाक ढकलत मी स्वतः मोजलं होतं, वसाहतीच्या फाटकापासून थांब्यापर्यंत. उलट बाजूने मोजायची आमच्याकडे पद्धत नाही. रस्ता येतो तेवढाच जातो, त्यात काय मोजायचं?

त्याच वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर माझी ताई राहते. भावोजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, त्यांची कॉट खिडकीशी. बस बंद झाल्याचं कळल्यावर ताई एवढंच म्हणाली, "घरचा भेदी!"

मग तक्रारी सुरू झाल्या. येताना दहा मिनिटं लागतात, घरी जाताना वीस. पुढच्या आठवड्यात चाळीस. लोकांना चालायचा कंटाळा, दुसरं काही नाही, असा शेरा मारून मी फाइल मिटली.

मंगळवारी भावोजींच्या हृदयाच्या गोळ्या संपल्या. दुपारी दोनला नव्या गोळ्या खिशात घालून मी थांब्यावरून निघालो. चाकही घेतलं, म्हटलं, तक्रारखोरांची तोंडं एकदाची बंद करू. लख्ख ऊन होतं. डावीकडे यार्डाची भिंत, समोर ताईची इमारत, तिच्या गॅलरीत वाळत घातलेली हिरवी चादर.

चाकावर आठशे झाले. चादर निघताना दिसली होती तेवढीच दिसत होती.

सोळाशे झाले. चाक बिघडलं असेल म्हणून पावलं मोजली. पावलांचा हिशेबही तोच.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू?

मागे वळलो, तर दहा मिनिटांत थांब्यावर.

ताईला फोन केला. "ताई, मला पोचताच येत नाहीये."

"ऑफिसात बसून पाय गेले तुझे. थांब तिथेच, मीच येते."

नको म्हणायला हवं होतं. पण मग माझं मोजमाप चुकलं हे कबूल करावं लागलं असतं. "ये," म्हणालो.

दुखरा गुडघा घेऊनही ती दहा मिनिटांत आली. गोळ्या घेतल्या. "चला, चारला द्यायचीय एक त्यांना," म्हणाली आणि वळली.

मी बघत उभा राहिलो. चार वाजून गेले.

फोन वाजला. भावोजी होते. आवाज खोल गेलेला.

"अरे, ही दिसतेय मला खिडकीतून. इकडेच तोंड करून चाललीय, भराभर."

"मग येईलच की, भावोजी."

"पण लहान लहान का होत चाललीय?"

मी रस्त्याकडे पाहिलं. इकडूनही ती लहानच होत होती.